लखनौ २०१६: ज्युनिअर वर्ल्ड कप जिंकणाऱ्या अठरा जणांचं प्रकरण

हॉकीच्या चाहत्यांमध्ये भारताच्या ज्युनिअर संघाचा विषय निघाला की गाडी लखनौवर येऊन थांबतेच. डिसेंबर २०१६, मेजर ध्यानचंद स्टेडियम, फायनलमध्ये बेल्जियमवर २-१. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत असतं. मग दोन तट पडतात. एक तट सांगतो की आज जी ऑलिंपिक पदकं दिसतायत त्यांची मुळं तिथे आहेत. दुसरा तट विचारतो, ‘घरचं मैदान, घरचे प्रेक्षक, पाकिस्तान आलाच नव्हता, आणि एवढा मोठा विजय होता तर त्याचा कॅप्टन ऑलिंपिकला का नाही दिसला?’ दोन्ही बाजूंच्या हातात थोडं थोडं खरं असतं, म्हणून हा वाद काही मिटत नाही.

या प्रकरणाकडे जरा निवांत बघायला हवं. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला चकवल्यासारखं वाटायला नको. लखनौला जिंकली ती संघाची खोली, म्हणजे एक अडला तर दुसरा पुढे येईल अशी भरणी. त्या अकरा दिवसांत जे चमकले ते आणि पुढे जे टिकले ते, अशा दोन याद्या केल्या तर त्या जुळत नाहीत. विजय खोलीचा असेल तर त्या जुळायलाच हव्यात असं काही नाही. चाहते मात्र नेमकी हीच जुळवाजुळव करायला बसतात.

आधीचा हिशोब

ज्युनिअर वर्ल्ड कप हा एकवीस वर्षांखालच्या मुलांचा. पहिला १९७९ मध्ये व्हर्सायला झाला आणि पाकिस्तानने जिंकला. पुढे तो तीन-चार वर्षांच्या अंतराने होत राहिला (आता दोन वर्षांनी होतो). वयाची अट आणि हे अंतर लक्षात घेतलं तर एका खेळाडूच्या वाट्याला बहुधा एकच वर्ल्ड कप येतो, नशिबाने दोन. सिनिअर संघासारखं ‘यंदा नाही तर पुढच्या खेपेला’ इथे नसतं.

भारत १९९७ ला मिल्टन कीन्समध्ये फायनलला पोचला आणि ऑस्ट्रेलियाकडून २-३ हरला. २००१ ला होबार्टमध्ये गगन अजित सिंग, दीपक ठाकूर, जुगराज सिंग यांच्या संघाने फायनलमध्ये अर्जेंटिनाला ६-१ असं अक्षरशः धुऊन काढलं. त्यानंतर घसरगुंडी. २००५ ला रॉटरडॅममध्ये चौथा क्रमांक, २००९ ला नववा, आणि २०१३ ला खुद्द दिल्लीत दहावा. त्या दिल्लीच्या स्पर्धेत नवव्या-दहाव्या क्रमांकासाठी गाठ पडली पाकिस्तानशी, आणि तीही आपण शूटआउटमध्ये हरलो.

यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. रॉटरडॅमला ब्राँझचा सामना आपण स्पेनकडून टायब्रेकरवर हरलो, तेव्हा प्रशिक्षक होते हरेंद्र सिंग. अकरा वर्षांनी लखनौलाही बाकावर तेच होते. दुसरी गोष्ट दिल्लीच्या दहाव्या क्रमांकाची. त्या संघाचा कर्णधार मनप्रीत सिंग तोवर लंडन ऑलिंपिक खेळून आलेला होता. सिनिअर संघात मुरलेली मुलं हाताशी असूनही घरच्या मैदानावर दहावे! ‘घरी खेळले म्हणून जिंकले’ म्हणणाऱ्यांना हा प्रश्न कुणी विचारत नाही.

लखनौच्या आधी अंदाज यावा असा एकच मोठा निकाल होता. नोव्हेंबर २०१५ मध्ये मलेशियातल्या कुआंतानला ज्युनिअर आशिया कपच्या फायनलमध्ये भारताने पाकिस्तानला ६-२ हरवलं आणि त्यातले चार गोल एकट्या हरमनप्रीत सिंगचे होते. हा मुलगा ऑगस्ट २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकही खेळून आला. त्यामुळे लखनौला जाताना सगळ्यांची नजर त्याच्या ड्रॅग फ्लिकवर (पेनल्टी कॉर्नरला चेंडू स्टिकने ओढत गोलात फेकण्यावर) होती, आणि ते साहजिकच होतं.

सहा सामने

स्पर्धा ८ डिसेंबरला सुरू झाली. नोटाबंदीला त्या दिवशी बरोबर महिना झाला होता. देश एटीएमच्या रांगेत उभा होता, हॉकीकडे लक्ष जायला तशी कुणाला फुरसत नव्हती. तरी लखनौ हे हॉकीचं जुनं गाव. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कर्णधार असलेले के. डी. सिंग ‘बाबू’ यांच्या नावाचं स्टेडियम त्याच शहरात आहे. इथल्या स्पोर्ट्स हॉस्टेलमध्ये घडलेले मोहम्मद शाहीद त्याच वर्षी जुलैमध्ये गेले होते. गर्दी झाली ती या जुन्या ओढीने, आणि सामन्यागणिक वाढत गेली.

गटात कॅनडा, इंग्लंड आणि दक्षिण आफ्रिका. कॅनडाला ४-० हरवलं, पण पहिला गोल पडेपर्यंत मध्यंतर आलं होतं. इंग्लंडविरुद्ध आधी ०-१ मागे, मग पाच गोल, आणि शेवटच्या काही मिनिटांत दोन खाल्ले: ५-३. दक्षिण आफ्रिकेला २-१. गटातल्या सामन्यांवर एवढं पुरे. संघ चांगला आहे हे कळलं, मोठा आहे हे कळलं नाही. बचावफळी शेवटी सैल पडते अशी कुरकूर तेव्हाही सुरू होती आणि ती रास्त होती.

खरी परीक्षा १५ तारखेला क्वार्टर फायनलमध्ये झाली. समोर स्पेन. पहिल्या हाफमध्येच त्यांनी गोल केला आणि मग युरोपियन संघ जे करतात ते केलं: माणसं मागे घेतली, डीच्या (गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या) तोंडाशी गर्दी केली, चेंडू आपल्याला दिला आणि ‘या आता’ म्हणून उभे राहिले. तेव्हा ज्युनिअर स्पर्धेत पस्तीस-पस्तीस मिनिटांचे दोन हाफ असत. पन्नास मिनिटं झाली, पंचावन्न झाली, फलक ०-१ वर अडकलेला. सत्तावन्नाव्या मिनिटाला सिमरनजीत सिंगने बरोबरी साधली. सहासष्टाव्या मिनिटाला पेनल्टी कॉर्नर मिळाला.

हा पेनल्टी कॉर्नर जवळून पाहण्यासारखा आहे. बॅकलाइनवर, गोलपोस्टपासून दहा मीटरवर उभा असलेला खेळाडू चेंडू पुश करतो. डीच्या माथ्यावर दुसरा वाकून, स्टिक जमिनीलगत धरून तो थांबवतो. चेंडू डीच्या रेषेबाहेर गेलेलाच असावा लागतो. मग तिसरा तो स्टिकच्या वळणात घेऊन, पुढचा पाय लांब टाकून, आत ओढत फेकतो. तिकडे गोललाइनमागे गोलरक्षक धरून पाच जण थांबलेले असतात आणि पुश होताच त्यातला एक सरळ फ्लिकरच्या अंगावर धावत येतो. पुश वाकडा गेला, ट्रॅप इंचभर उसळला, तर सगळंच फसतं. सामना संपायला चार मिनिटं, बरोबरी, दिवसभर अडलेलं नशीब, आणि समोर असा बचाव की ज्याने जवळपास तासभर दार उघडलं नव्हतं. हरमनप्रीतने तो घातला. २-१.

चाहते फायनलची क्लिप पुन्हा पुन्हा बघतात. मला विचाराल तर या स्पर्धेतली बघायची गोष्ट म्हणजे स्पेनविरुद्धची शेवटची तेरा मिनिटं. पिछाडीवर पडलेला भारतीय ज्युनिअर संघ तोवर कसा खेळायचा हे सगळ्यांना पाठ होतं: जो तो चेंडू घेऊन एकटाच पळायचा, डीत शिरून चेंडू समोरच्याच्या पायाला लावून पेनल्टी कॉर्नर मागायचा, आणि उलट्या हल्ल्यात दुसरा गोल खायचा. इथे तसं झालं नाही. मुलांनी चेंडू मागे खेळवला, बाजू बदलली, पुन्हा बदलली. कंटाळवाणं वाटावं इतक्या शांतपणे. हे वळण एका रात्रीत लागत नाही. हरेंद्र सिंग यांनी दोन वर्षं काय घोटून घेतलं ते इथे दिसलं. आणि रॉटरडॅमप्रमाणे समोर पुन्हा स्पेनच होता, हेही विसरू नका.

दुसऱ्याच दिवशी सेमी फायनल, ऑस्ट्रेलिया. चौदाव्या मिनिटाला टॉम क्रेगने त्यांना पुढे नेलं. मध्यंतरानंतर बेचाळिसाव्या मिनिटाला गुरजंत सिंग, अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला मनदीप सिंग: सहा मिनिटांत चित्र पालटलं. सत्तावन्नाव्या मिनिटाला लॅकलन शार्पने २-२ केलं. शेवटी शूटआउट.

शूटआउट म्हणजे जुने पेनल्टी स्ट्रोक नव्हेत. तेवीस मीटरच्या रेषेवरून खेळाडू चेंडू घेऊन निघतो, समोर एकटा गोलरक्षक, हातात आठ सेकंद. गोलरक्षकाने गोललाइनवर खिळून राहायचं नसतं, तो धावत पुढे येतो. पहिली तीन सेकंदं दोघंही एकमेकांचा अंदाज घेतात. खेळाडू उजवीकडे वळला की रिव्हर्स हिट (स्टिक उलटी फिरवून मारलेला फटका) येणार का, की पुन्हा डावीकडे ओढणार? गोलरक्षक आधी आडवा पडला तर गेलाच. जो अधिक थांबेल तो जिंकतो, पण घड्याळ खेळाडूला थांबू देत नाही. विकास दहिया थांबला. त्याने दोन अडवले, आपल्याकडून चार गेले, ४-२. तीन वर्षांपूर्वी दिल्लीत आणि अकरा वर्षांपूर्वी रॉटरडॅमला जिथे हात थरथरले होते, तिथेच हा संघ तरला.

१८ डिसेंबर, रविवार, फायनल. बेल्जियमने सेमीत गतविजेत्या जर्मनीला शूटआउटमध्ये घरी पाठवलं होतं. त्यांच्या सिनिअर संघाने चारच महिन्यांपूर्वी रिओमध्ये रौप्य घेतलं होतं, म्हणजे ती एक भरात आलेली हॉकी होती. भारताने त्यांना बसू दिलं नाही. आठव्या मिनिटाला गुरजंतची रिव्हर्स हिट, बाविसाव्या मिनिटाला सिमरनजीत. मग पेनल्टी कॉर्नर वाया गेले, संधी हुकल्या, पण पुढे जायला बेल्जियमला जागा मिळाली नाही. त्यांचा एकमेव गोल अगदी शेवटच्या मिनिटाला पेनल्टी कॉर्नरवर आला. २-१. यजमानाने ज्युनिअर वर्ल्ड कप जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती.

त्याच दिवशी चेन्नईत इंग्लंडविरुद्ध के. एल. राहुल १९९ वर बाद झाला. दुसऱ्या दिवशी करुण नायरने नाबाद ३०३ केले. हॉकीवाल्यांना पहिलं पान मिळालं ते जेमतेम एका सकाळपुरतं! आजही एखादा जुना चाहता हे सांगताना करुण नायरवर उगीचच डाफरतो. बिचाऱ्याचा काय दोष.

गोल कुणी केले

फलक बाजूला ठेवून गोलांची यादी मांडली की माझा मुद्दा दिसायला लागतो. सहा सामन्यांत भारताचे सतरा गोल. ते नऊ जणांनी केले. हरमनप्रीत, मनदीप आणि सिमरनजीत यांचे तीन-तीन, वरुण कुमार आणि गुरजंतचे दोन-दोन, आणि हरजीत सिंग, परविंदर सिंग, अरमान कुरेशी, अजित कुमार पांडे यांचा एकेक. कुआंतानच्या फायनलमध्ये एकट्याने चार गोल करणारा हरमनप्रीत इथे सबंध स्पर्धेत तीनवर थांबला. प्रतिस्पर्धी त्याची चित्रफीत बघून आलेले असणार, त्याच्यावर धावणारा पहिला माणूस ठरलेला असणार. पण तो अडला म्हणून संघ अडला नाही. एकदा ड्रॅग फ्लिक वरुणकडे गेला, एकदा मैदानी गोल गुरजंतने केला, एकदा कर्णधार हरजीत मधल्या फळीतून वर येऊन गोल करून गेला.

बाद फेरीचं तर आणखी स्पष्ट आहे. शूटआउट सोडून तिन्ही सामने मिळून आपले सहा गोल आणि ते चौघांच्या नावावर: सिमरनजीत, हरमनप्रीत, गुरजंत, मनदीप. गटात गुरजंतच्या नावावर एकही गोल नव्हता. बाद फेरीत तोच सेमी आणि फायनल, दोन्हीकडे. गटातल्या कामगिरीवरून त्याला बसवलं असतं तर? प्रशिक्षकाने बसवलं नाही, याचं श्रेय फारसं कुणी देत नाही.

आक्षेप किती टिकतात

घरच्या मैदानाचा आक्षेप दिल्लीच्या दहाव्या क्रमांकापाशीच संपतो. शिवाय त्याआधीच्या दहाही स्पर्धांत एकाही यजमानाला हा कप जिंकता आलेला नव्हता. गर्दी बळ देते तशी मानगुटीवरही बसते. एकोणीस वर्षांच्या पोराच्या तर जास्तच.

पाकिस्तान नव्हता हे खरं. पाकिस्तानने मुदती पाळल्या नाहीत असं आंतरराष्ट्रीय महासंघाने म्हटलं, पाकिस्तानने व्हिसाचं कारण दिलं, आणि त्यांच्या जागी मलेशिया आला. पण वर्षभरापूर्वीच ६-२ झालं होतं. पाकिस्तान आला असता तर गर्दी आणखी वाढली असती, निकाल बदलला असता असं मानायला आधार नाही.

एक आक्षेप मात्र मला खोडता येत नाही आणि तो सहसा कुणी घेतही नाही. लखनौला आपली जर्मनीशी गाठच पडली नाही. २००९ आणि २०१३ चे विजेते ते. बेल्जियमने परस्पर त्यांचा काटा काढला. पुढचं रेकॉर्ड बघा: २०२१ ला भुवनेश्वरच्या सेमीत जर्मनीकडून २-४, २०२३ ला कुआलालंपूरच्या सेमीत जर्मनीकडून १-४, २०२५ ला चेन्नईच्या सेमीत जर्मनीकडून १-५. लागोपाठ तीन स्पर्धा, तीच पायरी, तोच संघ. लखनौच्या ड्रॉने आपल्याला साथ दिली असं कुणी म्हटलं तर मी भांडणार नाही. फक्त एवढं म्हणेन की ऑस्ट्रेलिया आणि बेल्जियम ही काही लिंबूटिंबू मंडळी नव्हती.

देशी प्रशिक्षक विरुद्ध परदेशी हा वाद तर चाहत्यांचा लाडका. लखनौ म्हणजे देशी प्रशिक्षकांची सरशी, असं हरेंद्र सिंग यांचे समर्थक सांगतात. पुढे २०१८ मध्ये त्यांच्याकडे सिनिअर संघ आला, वर्षअखेरीस भुवनेश्वरच्या वर्ल्ड कपमध्ये क्वार्टर फायनलला नेदरलँड्सकडून १-२ हरल्यावर जानेवारी २०१९ मध्ये काढूनही घेतला गेला. टोकियोचं पदक ऑस्ट्रेलियन ग्रॅहम रीड यांच्या हाताखाली आलं, पॅरिसचं दक्षिण आफ्रिकन क्रेग फुल्टन यांच्या. यातून कुणाची बाजू सिद्ध होते? कुणाचीच नाही. मुलं घडवणं आणि तयार खेळाडूंकडून चार वर्षांनी एकदा पदक काढून घेणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं काम हरेंद्र सिंग यांच्याइतकं चोख त्या काळात कुणी केलं नाही, एवढं म्हटलं तरी पुष्कळ झालं.

आणि मग कॅप्टन कुठे गेला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त जिव्हाळ्याने विचारला जातो. हरजीत सिंग पंजाबचा, ट्रकचालकाचा मुलगा. वर्ल्ड कप उंचावतानाचा त्याचा फोटो घराघरात गेला, त्याच्या आयुष्यावर पंजाबीत सिनेमाही निघाला. २०१७ मध्ये तो सिनिअर संघातून खेळला. पण ऑलिंपिकला गेला नाही. चाहत्यांच्या मते हा अन्याय, काहींच्या मते राजकारण.

मला ते गणित वाटतं. ज्युनिअर वर्ल्ड कपच्या संघात अठरा जण, ऑलिंपिकच्या संघात सोळा. पण ते सोळा काही एका वयाचे नसतात, त्यात दहा-बारा वर्षांच्या पिढ्या दाटीवाटीने बसवाव्या लागतात. एका ज्युनिअर संघातून दोघं-तिघं वर गेले तरी चांगलं पीक म्हणायचं. हरजीत मधल्या फळीतला. तिथे मनप्रीत ठाण मांडून होता, सरदार सिंग २०१८ पर्यंत होता. मागून हार्दिक सिंग आणि विवेक सागर प्रसाद आले. आणि बाजूने आले ते लखनौला हरजीतच्याच खांद्याला खांदा लावून खेळलेले दोघं: नीलकांत शर्मा आणि सुमित. म्हणजे त्याची जागा काही अंशी त्याच्याच संघाने घेतली. वाईट वाटतं, पण यात कारस्थान शोधायचं कारण नाही.

टोकियोला २०२१ मध्ये एक्केचाळीस वर्षांनी जे ब्राँझ आलं, ते मिळवणाऱ्यांत लखनौचे सात जण होते: हरमनप्रीत, वरुण, सुमित, नीलकांत, मनदीप, गुरजंत, सिमरनजीत. एका ज्युनिअर संघातून सात! यातल्या सिमरनजीतची गोष्ट सांगितलीच पाहिजे. मूळ सोळात त्याचं नावच नव्हतं, वरुणचंही नव्हतं. कोविडमुळे राखीव खेळाडूंना खेळवायची मुभा मिळाली म्हणून ते आत आले. ब्राँझच्या सामन्यात जर्मनीविरुद्ध भारत १-३ मागे होता आणि शेवटी ५-४ जिंकला. त्या पाचांपैकी दोन गोल सिमरनजीतचे. लखनौला स्पेनविरुद्ध सत्तावन्नाव्या मिनिटाला बरोबरी करणारा हाच.

पॅरिसला २०२४ मध्ये चौघं उरले होते: हरमनप्रीत, सुमित, मनदीप, गुरजंत. ब्राँझचा सामना स्पेनशी. आधी ०-१ मागे, मग हरमनप्रीतचे दोन, निकाल २-१. लखनौची क्वार्टर फायनल आठवणाऱ्याला ओळखीचं वाटावं असं सगळं: तोच प्रतिस्पर्धी, तीच पिछाडी, तोच आकडा, निर्णायक गोल करणारा तोच माणूस, आता कर्णधार म्हणून. त्या स्पर्धेत त्याने दहा गोल केले. योगायोग म्हणून सोडून द्यायला हरकत नाही. पण मागे पडल्यावर घाई करायची नसते हे त्याला विसाव्या वर्षी, दहा हजार लोकांच्या गोंगाटात कळलं होतं, ही गोष्ट कुठेतरी कामाला आली असणारच.

आता उलट टोक. दिल्लीत दहावा आलेल्या २०१३ च्या संघाचा कर्णधार मनप्रीत हाच टोकियोला ब्राँझ घेणाऱ्या भारताचा कर्णधार. जगज्जेत्या संघाचा कॅप्टन घरी आणि दहाव्या नंबरचा कॅप्टन पदकाच्या पायरीवर. ज्युनिअर निकालांवरून एकेकाचं भविष्य सांगणाऱ्यांनी हे एवढं एक उदाहरण खिशात ठेवावं.

गोलरक्षकांचं प्रकरण त्याहून बोलकं आहे. लखनौच्या शूटआउटचा हिरो विकास दहिया. सहा महिन्यांत तो सिनिअर संघात पोचलाही. २०१७ च्या उन्हाळ्यात पी. आर. श्रीजेश जखमी असताना लंडनच्या वर्ल्ड लीग सेमी फायनलला यवतमाळचा आकाश चिकटे आणि दहिया हे दोघं गोलरक्षक होते. पण पुढे वर्षानुवर्षं श्रीजेशच्या पाठीशी उभा राहिला तो कृष्ण बहादूर पाठक, लखनौला दहियाच्या मागे बाकावर बसलेला. टोकियो आणि पॅरिस, दोन्हीकडे तो राखीव. श्रीजेश निवृत्त झाल्यावर गोलपोस्ट त्याच्याकडे आला. गोलरक्षकाची जागा एकच असते, तिथे गुणवत्तेइतकीच चिकाटी आणि वेळ लागते. सहा सामने बाकावर बसून बघणाऱ्याचं नाव त्या रात्री कुणाच्या तोंडी असणार?

हे सगळं पुन्हा आठवायचं निमित्त डिसेंबर २०२५ चं. चेन्नई आणि मदुराईत ज्युनिअर वर्ल्ड कप झाला, प्रशिक्षक स्वतः श्रीजेश. क्वार्टर फायनलमध्ये बेल्जियमला शूटआउटवर हरवलं, सेमीत जर्मनीने पाच घातले, आणि ब्राँझच्या सामन्यात अर्जेंटिनाविरुद्ध ०-२ मागे असताना शेवटच्या क्वार्टरमध्ये चार गोल करून ४-२ जिंकले. नऊ वर्षांनी ज्युनिअर वर्ल्ड कपमधलं पदक. बेल्जियमविरुद्ध वाचवलेल्या फटक्यांमुळे गोलरक्षक प्रिन्सदीप सिंगचं नाव झालं आणि लगेच ‘पुढचा श्रीजेश’ अशी हाकाटीही सुरू झाली. मुलगा गुणी आहे, शंका नाही. मी माझ्या वहीत त्याच्या नावाखाली त्याच संघातला दुसरा गोलरक्षक बिक्रमजीत सिंग याचंही नाव लिहिलंय.